उपनगराचा दगड, विजापूरची नक्षी

मुंबईत दगडी जाळी कुठे पाहावी असे विचारले तर बहुतेक जण गेटवे ऑफ इंडियाचे नाव घेतील. थोडे जाणकार काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे. अंधेरी पूर्वेच्या महाकाली लेण्यांचे नाव सहसा निघत नाही. अभ्यासक या लेण्यांना कोंडिविटे म्हणतात. तिथल्या नवव्या लेण्यात, चैत्यगृहाच्या टोकाला, डोंगराच्या पोटातच कोरून काढलेली एक गोल कोठडी आहे. आत स्तूप आहे. कोठडीला एक दार आणि दाराच्या दोन्ही अंगांना दगडी जाळीची एकेक खिडकी. लाकूड-गवताच्या झोपडीला पट्ट्यांची खिडकी असावी, तिचेच हे दगडी रूप. खिडकीपाशी ब्राह्मी अक्षरांत दानलेख आहे. अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम आज सीप्झ आणि एमआयडीसीच्या वाहतुकीच्या वेढ्यात आहे, आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलेले असते.

ही खिडकी आठवायचे कारण आहे. इस्लामी वास्तूंवरच्या कोरीव दगडकामाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन बाजू पडतात. एका बाजूच्या मते जाळी, महिरप, वेलबुट्टी हे सगळे बाहेरून आले. दुसरीच्या मते सगळे इथलेच होते, राज्यकर्त्यांनी त्यावर आपले नाव लावले. दोन्ही मते दगडाकडे न बघता बनलेली आहेत. कोरीव कामात टाकी धरणारा हात, पैसे मोजणारा मालक, नक्षीचा आराखडा आणि खाणीतला दगड या चार वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या चार वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत उभ्या राहिलेल्या घुमटांच्या इमारती याचे ठसठशीत उदाहरण आहेत. मालक इंग्रज, आराखडा विजापूर-गुजरातचा, हात देशी आणि दगड मालाड-कुर्ल्याचा. पहिल्या दोहोंबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. शेवटच्या दोहोंबद्दल फारच कमी.

आधी नक्षीकडे पाहू. इस्लामी वास्तूंवरच्या कोरीव कामात अक्षरे असतात, भौमितिक आकृत्या असतात आणि वेली असतात. बाकी जे काही दिसते ते बहुधा यांच्याच मिश्रणातून आलेले. माणसे आणि प्राणी नसतात, असे शाळेत शिकवले जाते. ते अर्धेच खरे आहे. जॉर्डनमधल्या मश्ता या आठव्या शतकातल्या उमय्यद राजवाड्याची कोरीव दर्शनी भिंत आज बर्लिनमध्ये आहे. १९०३ साली ऑटोमन सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने ती जर्मन कैसरला भेट दिली. तिच्यात दरवाजाच्या डाव्या बाजूला द्राक्षवेलींतून पशुपक्षी डोकावतात. उजव्या बाजूला, ज्या भिंतीमागे मशीद होती तिथे, नुसत्या वेली आहेत. म्हणजे बंधन होते ते प्रार्थनेच्या जागेपुरते. आपल्याकडे याची साक्ष हवी असेल तर मुरुडच्या जंजिऱ्याचा दरवाजा पाहावा. सिद्दीच्या त्या किल्ल्यावर हत्तींना पंजांत जखडणारा शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, दगडात कोरला आहे आणि सलग शिल्प म्हणून तो झकास आहे. दख्खनच्या सुलतानांच्या किल्ल्यांवर असे सिंह-शरभ ठिकठिकाणी दिसतात. मशिदीत आणि कबरीवर मात्र ते येत नाहीत, आणि तिथे भिंत जिवंत ठेवण्याची जबाबदारी अक्षरांवर, आकृत्यांवर आणि वेलींवर पडते.

त्यातली भूमिती ही सर्वांत अवघड वाटणारी आणि प्रत्यक्षात सर्वांत सोप्या साधनांनी केलेली गोष्ट. कंपास आणि पट्टी, एवढेच. आधी वर्तुळ काढायचे, त्याचे सहा, आठ किंवा दहा समान भाग करायचे, भागांचे बिंदू एकमेकांना जोडायचे, त्यातून तारा निघतो, आणि ताऱ्याच्या कडा पुढे वाढवल्या की शेजारच्या ताऱ्याला जाऊन मिळतात. मग मूळचे वर्तुळ पुसून टाकायचे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: ठिपके आधाराला असतात, रांगोळी पुरी झाली की ते दिसेनासे होतात आणि बघणाऱ्याला रेषा कुठून सुरू झाली ते कळत नाही. नक्षीला मधला बिंदू नसतो, ती चौकटीपाशी थांबते पण संपत नाही, हा परिणाम त्यातून येतो. कैरोमध्ये सुलतान कैतबेच्या कबरीच्या दगडी घुमटावर, साधारण १४७४ च्या सुमाराला, ताऱ्यांची सरळ रेषांची जाळी आणि वेलींची वळणे एकमेकांत गुंतवून कोरली आहेत. घुमट वर निमुळता होत जातो, त्यामुळे प्रत्येक आकृती वरच्या थरात लहान करत न्यावी लागते आणि तरी ताऱ्याचे कोन बिघडू द्यायचे नाहीत. कागदावर हे गणित सुटते. गोलाकार दगडावर सोडवणे हे वेगळेच काम आहे.

भारतात हे आराखडे आले तेव्हा ते कोरणारे हात इथलेच होते. दिल्लीच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीसमोरच्या कमानींचा पडदा ११९९ च्या आसपासचा. मशिदीच्या आवारातले खांब पाडलेल्या देवळांचे आहेत. सत्तावीस देवळांचा उल्लेख तिथल्याच शिलालेखात आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पडद्यावरची अरबी अक्षरे मात्र नव्याने कोरलेली आहेत आणि अक्षरांच्या मागे फिरणाऱ्या वेली भरगच्च, रसरशीत, देवळाच्या चौकटीवर शोभतील अशा आहेत. कमानीही खऱ्या कमानी नाहीत: आडवे थर पुढे पुढे सरकवत नेऊन वरून कमानीचा आकार कापला आहे, कारण कारागिरांना तेवढीच पद्धत ठाऊक होती. सत्ता कुणाची हे अक्षरे सांगतात, आणि हात कुणाचा होता हे वेलींवरून ओळखू येते.

आता दगडाबद्दल, कारण आमच्या मते या साऱ्या चर्चेत सर्वांत दुर्लक्षित राहिलेला घटक तोच आहे. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतली झाडाची जाळी जगभर माहीत आहे. १५७२-७३ मध्ये, गुजरातच्या सल्तनतीच्या अगदी अखेरीला, एका हबशी सरदाराने बांधलेली ही मशीद. तिच्या अर्धगोल खिडक्यांत एका खोडातून फुटलेल्या फांद्या संपूर्ण पोकळीभर पसरल्या आहेत. हे जमले कारण तिथे वाळूचा दगड होता. वाळूचा दगड थरांनी बनतो, त्याच्या पातळ फरश्या निघतात, खाणीतून काढल्यावर तो हातात येतो आणि टाकीखाली मऊ लागतो. मकराण्याचा संगमरवर त्याहून बारीक काम सोसतो. फतेहपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीभोवतीच्या जाळ्या पाहताना हा दगडच आहे ना, असा संशय येतो.

दख्खनमध्ये यातले काही नाही. इथे आहे तो काळवत्री, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि थंड होऊन थरावर थर बसले, सह्याद्री त्याचाच. हा दगड टणक आहे, त्याला फरशीसारखे पातळ थर नाहीत, काही थरांत वायूच्या बुडबुड्यांची भोके आणि त्यात भरलेले पांढरे खनिज असते. ऐन कोरताना असे भोक लागले तर नाजूक पाकळी तिथल्या तिथे तुटते. पाथरवटाला हे माहीत असते, म्हणून तो खोल पोखरण्याऐवजी उथळ, धारदार, ठसठशीत कोरतो. त्याचा एक फायदाही झाला. काळवत्रीवरची रेघ चारशे वर्षांनीही बोथट होत नाही.

अहिल्यानगरची, म्हणजे जुन्या अहमदनगरची, दमडी मशीद याचा उत्तम नमुना आहे. निजामशाहीतल्या साहिर खान नावाच्या सरदाराने १५६७ च्या सुमाराला ती बांधली. किल्ला बांधणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी काढून ती उभी केली, अशी लोककथा आहे. कथाच ती, पण मजुरांच्या दमडीच्या नावाने इमारत ओळखली जाण्याचा मान आपल्याकडे फार थोड्या वास्तूंना मिळाला आहे. मशीद लहानशी आहे. चिरे मात्र मोठे, घोटून एकमेकांशी बसवलेले, आणि दर्शनी बाजूवर, छज्ज्याखालच्या तोड्यांवर, बुरुजीवजा टोकांवर कोरीव कामाची गर्दी. भव्यतेने दिपवणाऱ्या विजापूरच्या गोल घुमटापेक्षा ही छोटी मशीद दख्खनी पाथरवटाची ओळख अधिक चांगली करून देते, असे आम्हाला वाटते. गोल घुमट हा स्थापत्याचा पराक्रम आहे: आतून १२४ फूट व्यासाचा घुमट, खाली एकही खांब नाही, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी त्याचा भार चौकोनी भिंतींवर उतरवलेला. नक्षीच्या बाबतीत मात्र तो जवळजवळ मुका आहे. ज्याची ही कबर तो मुहम्मद आदिलशहा १६५६ मध्ये वारला आणि कामाचा बराच भाग तसाच राहिला.

विजापूरची नक्षी पाहायची ती इब्राहिम रौझ्यात. इब्राहिम आदिलशहा दुसरा आणि त्याची बेगम ताज सुलताना यांची ही कबर, १६२६-२७ मधली, मलिक संदलच्या देखरेखीखाली झालेली. इथल्या खिडक्यांत जाळीच्या आकृत्यांऐवजी अरबी अक्षरेच आरपार कापली आहेत. बाहेरून काळा दगड दिसतो आणि आतून उजेडाच्या ओळी वाचता येतात. ज्या दगडाला खोल पोखरणे सोसत नाही असे आपण वर म्हटले, त्यातच ही जाळी. काळवत्रीत हे अशक्य नव्हते, फार महाग होते. एक रेघ चुकली तर अख्खा चिरा फुकट. म्हणूनच असे काम राजाच्या कबरीवर होई आणि इतरत्र चुनेगच्चीवर भागवले जाई. मेहतर महालाच्या दरवाजावरचे तोडे तर सुताराने पटाशीने काढावेत असे दगडात काढले आहेत. त्यामागे लाकडाची आठवण आहे, कोंडिविट्याच्या खिडकीत आहे तशीच.

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणून हिणवण्याची पद्धत आहे. दगडाच्या बाजूने पाहिले तर ही वास्तू वेगळी दिसते. १६६० च्या आसपासच्या या कबरीत खाली कमरेइतका भाग आणि वर घुमट संगमरवरी, मधली सगळी भिंत इथल्या काळ्या दगडाची आणि तिच्यावर चुन्याच्या गिलाव्यात काढलेली वेलबुट्टी. ६ लाख ६८ हजार २०३ रुपये खर्च आल्याची नोंद आहे. जयपूरकडून गाड्या भरून आणलेला संगमरवर पुरवून पुरवून वापरायचा आणि जिथे डोळा सर्वांत आधी जातो तिथे लावायचा, हा हिशेब त्यात उघड दिसतो. कबरीभोवतीची अष्टकोनी जाळी मात्र संगमरवरातच हवी होती, कारण ती काळवत्रीत करणे फार महागात पडले असते. दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि बांधकामाचा कारभारी हंसपत राय यांची नावे आहेत. सतराव्या शतकातल्या बादशाही इमारतीने जे औदार्य दाखवले, ते विसाव्या शतकातल्या मुंबईच्या इमारतींनी आपल्या कारागिरांना दाखवले नाही.

त्या इमारती म्हणजे जॉन बेग आणि जॉर्ज विटेट या दोन वास्तुविशारदांचे काम. त्याआधीची मुंबई गॉथिक होती. १९०० नंतर सरकारी इमारतींना देशी चेहरा देण्याची टूम निघाली आणि त्यासाठी विजापूर व गुजरातकडे पाहिले गेले. बेगच्या जनरल पोस्ट ऑफिसचे काम १९०४ मध्ये सुरू होऊन १९१३ मध्ये पुरे झाले. त्याचा घुमट उघडउघड गोल घुमटावरून घेतला आहे. काळ्या बेसॉल्टच्या भिंती, त्यांना कुर्ल्याच्या पिवळ्या आणि ध्रांगध्र्याच्या पांढऱ्या दगडाची किनार. वस्तुसंग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ ला बसली, इमारत १९१४ मध्ये तयार झाली, महायुद्धात तिथे रुग्णालय चालले आणि संग्रहालय म्हणून ती १० जानेवारी १९२२ ला खुली झाली. विटेटने तिच्यात गोवळकोंड्याच्या वळणाचा घुमट, आत विजापूरच्या छेदणाऱ्या कमानी आणि मोगली महालांचे झरोके एकत्र आणले. दगड दोन प्रकारचा: करडा बेसॉल्ट कुर्ल्याचा आणि फिकट पिवळा ट्रॅकाइट मालाडचा. गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ ला झाली, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. त्याची घडण सोळाव्या शतकातल्या गुजराती इमारतींवरून घेतलेली आहे. दगड खारोडीचा, म्हणजे मालाडहून मार्व्याकडे जाताना लागणाऱ्या भागातला. कागदोपत्री त्याला पिवळा बेसॉल्ट म्हणतात. आणि जाळ्या? त्या ग्वाल्हेरहून आणल्या.

हा तपशील महत्त्वाचा आहे. सम्राटाच्या स्वागताच्या या कमानीवर एकवीस लाख रुपये खर्च झाले. तरीही भिंत मालाडची आणि जाळी ग्वाल्हेरची अशी वाटणी करावी लागली, कारण खारोडीचा दगड भार पेलतो, त्यात गोलाई आणि उठाव छान येतो, पण पातळ तासून आरपार पोखरायला तो राजी नसतो. मालाडचा दगडही लाव्हाचाच, मात्र त्यात सिलिकाचे प्रमाण काळवत्रीपेक्षा जास्त, म्हणून रंग उजळ. काळवत्रीच्या मानाने तो पाथरवटाला सोपा जातो. मुंबईच्या इमारतींचा मधाळ पिवळा रंग, संध्याकाळच्या उन्हात ज्याची छायाचित्रे निघतात, तो या दगडाचा आहे. तो लंडनहून आलेला नव्हे, की विजापूरहून आणलेला नव्हे. साष्टीचा आहे.

साष्टी बेटाचा हा भाग एकेकाळी गुजरातच्या सुलतानांच्याच ताब्यात होता. डिसेंबर १५३४ मध्ये बहादूरशहाने वसईचा तह करून तो पोर्तुगीजांना दिला. माहीमला मखदूम अली माहिमींचा दर्गा त्या काळाची आठवण देतो. सुलतानांनी मात्र साष्टीत अहमदाबादसारखे काही उभे केले नाही. त्यांच्या शैलीची नक्कल करायला जेव्हा इंग्रज निघाले, तेव्हा दगड त्यांनी साष्टीतून नेला. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली तिच्या वाटेवर कुर्ला होते. १८६७ मध्ये विरारकडून मुंबईला येणारी गाडी सुरू झाली तिच्या वाटेवर मालाड. उपनगरांची आजची ओळख रोज सकाळी माणसे दक्षिणेकडे पाठवणारा प्रदेश अशी आहे. त्याआधी तो दगड पाठवत होता.

खाणींच्या खुणा नावांत राहिल्या आहेत. मालाड पूर्वेला क्वारी रोड आहे, भांडुपलाही आहे. अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी हे सर्वांत बोलके उदाहरण: सुमारे दोनशे फूट उंचीचे काळ्या बेसॉल्टचे उभे स्तंभ, अंदाजे साडेसहा कोटी वर्षांचे, वर गावदेवीचे देऊळ. टेकडीचा आजूबाजूचा भाग खणून नेल्यावर जे उरले ते हे. १९५२ मध्ये केंद्र सरकारने तिला संरक्षण दिले, २००७ मध्ये महापालिकेने वारसा यादीत घेतले, तरी इमारती अगदी तिच्या अंगाला भिडल्या आहेत. मालाड-कुर्ल्याच्या जुन्या खाणींतून आता बांधकामाचा चांगला दगड निघत नाही. खड्ड्यांवर वस्ती झाली, कुठे संकुले उभी राहिली. खाणीत सुरुंग लावणारे, पहारीने चिरा सुटा करणारे वडार आणि तो घडवणारे पाथरवट यांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत. गव्हर्नराचे नाव असते, वास्तुविशारदाचे असते, कधी ठेकेदाराचेही असते.

बेग-विटेटच्या या शैलीबद्दल एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. इंग्रजांनी घुमट आणि महिरपी स्वीकारल्या त्या प्रेमापोटीच, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आपण मोगलांचे आणि सुलतानांचे वारस आहोत, हे दगडातून सांगण्याचा तो खटाटोप होता. त्यांनी कबरीचा घुमट उचलून टपाल कचेरीवर ठेवला, आणि अक्षरे वगळली. इस्लामी नक्षीचा पहिला धागा म्हणजे लेखन. तोच मुंबईच्या या इमारतींत नाही. उरली ती आकृती आणि वेल, म्हणजे अर्थ काढून घेतलेली सजावट. असे असूनही इमारती चांगल्या आहेत. त्याचे बरेचसे श्रेय, आमच्या मते, दगडाला आणि तो घडवणाऱ्या हातांना जाते. कागदावरची महिरप मालाडच्या दगडात उतरताना तिची कडा थोडी जाड झाली, पाकळी थोडी उथळ झाली, आणि तीच या शहराची म्हणून ओळखू येते.

मूळ अर्थासह कोरीव काम पाहायचे तर भेंडी बाजारातल्या रौदत ताहेरामध्ये जावे. दाऊदी बोहरांचे ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची ही कबर १९७५ मध्ये खुली झाली. वास्तुविशारद याह्या मर्चंट. आतल्या संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुराण कोरले आहे. इथे अक्षर हीच सजावट आहे आणि ते वाचण्यासाठी आहे.

उपनगरांत आज जी नक्षी दिसते ती बहुतांशी यंत्राने कापलेली. संगणकावर आराखडा काढायचा आणि संगमरवराच्या फरशीतून जाळी काही तासांत बाहेर पडते. मशिदीला तीच, देवळालाही तीच आणि लग्नाच्या हॉलच्या स्वागतकक्षालाही तीच. त्यात वाईट काही नाही. यंत्राला थकवा नसतो आणि चूक नसते, पण काळवत्रीतले भोक चुकवण्यासाठी आयत्या वेळी वळण बदलणारा निर्णयही नसतो. जाळीचा खरा लोकवारसा उपनगरात आहे तो भलत्याच ठिकाणी: घाटकोपर, मुलुंड, विक्रोळी, बोरिवलीच्या जुन्या हाउसिंग बोर्डाच्या इमारतींच्या जिन्यांत. सिमेंटच्या साच्यातून काढलेले चौकोन-गोलांचे ठोकळे एकावर एक रचून केलेली ती जाळी. ऊन अडवते, वारा सोडते, आडोसा देते आणि जिन्यावर सकाळी सावल्यांची नक्षी पाडते. सुलतानांच्या वाड्यात जाळीकडून जे काम अपेक्षित होते तेच. पुनर्विकासात या इमारती एकेक करून पडत आहेत आणि त्या जाळ्यांची साधी छायाचित्रेही कुणी काढून ठेवत नाही. त्या जपाव्यात असा आमचा आग्रह नाही. नोंद तरी व्हावी.

आग्रह आहे तो जुन्या दगडकामाच्या दुरुस्तीबद्दल. दक्षिण मुंबईची गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसंकुले २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली, त्यामुळे दुरुस्तीसाठी पैसा आणि लक्ष दोन्ही वाढले. पण समुद्राकाठच्या दगडात खारी हवा मुरते, मिठाचे स्फटिक आतून फुगतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. कोरीव कडा सर्वांत आधी जाते. ती बदलायची तर त्याच जातीचा दगड हवा. मालाड स्टोन आता मिळतो तो मुख्यतः पाडलेल्या जुन्या बंगल्यांचा आणि चाळींचा, आणि तोही बहुतेक वेळा डेब्रिजच्या गाडीतून भरावाला जातो. त्याच्या जागी रंग जुळणारा दुसराच दगड किंवा सिमेंटचा रंगीत गिलावा बसवला जातो. सिमेंट पाणी अडवून धरते, ओल शेजारच्या जुन्या दगडात जाते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तोही सुटू लागतो. महाराष्ट्रभर देवळांच्या आणि दर्ग्यांच्या कोरीव दगडावर ऑइलपेंट फासण्याची जी रीत आहे तिचा परिणामही असाच होतो. त्यात श्रद्धा कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही, दगडाला आत मुरलेली ओल बाहेर टाकता आली पाहिजे एवढाच आहे.

महापालिकेने उपनगरांतल्या जुन्या दगडी इमारती पाडण्याची परवानगी देताना घडीव मालाड आणि कुर्ला दगड वेगळा काढून ठेवण्याची अट घालावी, आणि तो साठवायला एक आवार राखावे. जागा नाही, ही सबब चालणार नाही. तुटलेल्या बाकड्यांना आणि जप्त केलेल्या हातगाड्यांना जागा मिळते. मालाड किंवा खारोडीच्या परिसरात खाणीची एखादी उघडी भिंत अजून शाबूत असेल तर तिची भूशास्त्रीय नोंद करून ती राखावी, कारण दुरुस्तीच्या वेळी दगड जुळवून पाहायला तोच मूळ नमुना असतो. संग्रहालय, पोस्ट ऑफिस आणि गेटवे यांच्या माहितीफलकांवर विटेट-बेगच्या नावाबरोबर दगड कुठून आला हेही लिहावे. मालाडहून शाळेची सहल आली तर मुलांना आपल्या स्टेशनचे नाव तिथे वाचायला मिळेल. आणि दुरुस्तीच्या निविदांत दगडाचा प्रकार, खाणीचे मूळ आणि काम करणाऱ्या पाथरवटाचा अनुभव या तीन बाबी दराइतक्याच वजनाने धराव्यात. सर्वांत कमी दर भरणाऱ्या ठेकेदाराने एकदा भलता चिरा चुन्याऐवजी सिमेंटमध्ये बसवला की तो काढताना शेजारचे चार जुने चिरे फुटतात, आणि त्यांची जागा भरायला पुन्हा मालाडचा दगड कुठून आणायचा, हा प्रश्न आधीपेक्षा चौपट होऊन समोर येतो.